बदलीचा माणूस

“ताई, ह्याचं प्रेशर कुणी बदललं?”

तात्यांचं श्वासाचं मशीन बसवणारा इरफान मुजावर दोन कॉटच्या मधल्या स्टुलासमोर उकिडवा बसला होता. मशीनच्या पिटुकल्या पडद्यावरचा आकडा बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. मी चहाचे कप घेऊन दारातच थांबले. एका कॉटवर आई पडून होती, तिचे डोळे इरफानच्या हातांकडं. तात्या खुर्चीत बसून खिडकीबाहेर वाळत घातलेल्या चादरीवर उडालेली कारखान्याची काजळी बघत होते. गाळप हंगामात आमच्याकडं रोजच काजळी उडते, त्यात बघण्यासारखं काही नसतं, पण तात्या त्या दिवशी ती फार मन लावून बघत होते.

इरफान म्हणाला, की तो स्वतः बाराचा आकडा लावून गेला होता आणि आता तिथं पाच आहे. मशीन रोज रात्री चालू होतं, तासही चांगले भरत होते, पण पाचावर लावणं म्हणजे तोंडावर टेबलफॅन लावून झोपण्यासारखं. वारा लागेल, गुण यायचा नाही.

“वाऱ्याचं मशीन हाय ते,” तात्या खिडकीकडं बघतच म्हणाले. “हललं असंल आपलं आपण.”

आता ह्या मशीनचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माझे वडील, दत्तोबा खराडे, जन्मभर घोरत आले. कारखान्याच्या कॉलनीत थट्टा चालायची, की खराडे झोपले तरच कळतं गाळप चालू आहे. त्या थट्टेत आम्हीही हसायचो. त्या वर्षी दिवाळीच्या आधी सांगलीच्या स्टँडवर तात्या उभ्या उभ्या झोपले आणि पडले. दवाखान्यात एक रात्र वायरी लावून ठेवल्यावर कळलं, की ते नुसतं घोरणं नव्हतं. झोपेत त्यांचा घसा मिटायचा, श्वास थांबायचा, जीव गुदमरला की दचकून जाग यायची, पुन्हा डोळा लागायचा, पुन्हा श्वास थांबायचा. रात्रभर हेच. त्यात हृदय पार थकून गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे मशीन मास्कमधून हवा फुंकून घसा उघडा ठेवतं, बाराच्या प्रेशरवर रोज लावलं तर तुमच्या वडिलांना अजून पुष्कळ वर्षं आहेत. नाही लावलं तर एखाद्या रात्री थांबलेला श्वास परत सुरू व्हायचा नाही. बाई चांगल्या होत्या, पण गूळ लावून बोलायची त्यांना सवय नव्हती.

मी पुण्याहून रोज फोन करायचे आणि विचारायचे, मशीन लावलं का? तात्या म्हणायचे, लावलं. तात्या खोटं बोलत नाहीत ह्याची मला खात्री होती, आणि ते खोटं बोलतही नव्हते. कितीवर लावलं, हे मी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय सांगायची त्यांना गरज वाटली नव्हती.

इरफाननं दोन बटणं एकदम दाबून धरली, आतला पडदा उघडला आणि आकडा पुन्हा बारावर नेला. मी त्याला विचारलं, ह्याला कुलूप घालता येत नाही का? तो हसला. म्हणाला, “हे दोन बटणं दाबायचं पेशंटला सांगत नाहीत ताई, तेच कुलूप.”

पण आमचा पेशंट बॉयलरवर केस पांढरे केलेला माणूस. दुसऱ्याचे हात बघून काम उचलायची त्यांना लहानपणापासून सवय. पहिल्या दिवशी इरफान मशीन लावत असताना तात्या भोळा चेहरा करून शेजारी उभे असणार आणि त्यांनी ते कुलूप तिथल्या तिथं शिकून घेतलं असणार. इरफान चहा पिऊन गेला आणि मी पुण्याला कळवून टाकलं, की मी दोन दिवस राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आंघोळीला गेल्यावर मी ती दोन बटणं दाबली. पाच.

आई कॉटवरून बघत होती. मी तिला विचारलं, “हे रोज करतात?” तिनं डोळे मिटून घेतले. आईचं ‘हो’ तसंच असायचं. चार वर्षांपूर्वी तिला झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. कळायचं मात्र सगळं. डावा हात शाबूत होता, म्हणून तिच्या उशाशी आम्ही एक स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला होता. काही हवं असलं की ती चमच्यानं वाटी वाजवायची. वाटी वाजली की तात्या हातातलं टाकून धावायचे. तिला भरवणं, पुसणं, कपडे बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळानं ह्या कुशीवरून त्या कुशीवर वळवणं, सगळं तेच करायचे. बाई ठेवायचा एक प्रयोग मी करून बघितला होता. ती बाई एका हातानं फोनवर बोलत दुसऱ्या हातानं आईला वळवायला गेली, आणि आईनं तिच्या मनगटाचा असा चावा घेतला, की बाई पगार मागायलासुद्धा परत आली नाही. त्यानंतर आईनं तात्यांखेरीज कुणाला अंगाला हात लावू दिला नाही. मी माहेरी आले की मला चालायचं, तेही नाइलाज म्हणून. बाईमाणसाची लाज अशी असते, अर्धं अंग गेलं तरी ती जात नाही.

एक गोष्ट मात्र ह्या आजारानं झाली. तात्यांनी संसारात आईला कधी नावानं हाक मारली नव्हती. ‘अगं’ नाहीतर ‘रत्नाची आई’. झटक्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं, नावानं बोलवत राहा, वाचा येईल कदाचित. तेव्हापासून तात्या तिला ‘इंदू’ म्हणायला लागले. पहिले काही दिवस ते एवढे लाजायचे, की हाक मारून झाल्यावर इकडं तिकडं बघायचे.

तात्या आंघोळ करून आले. मी त्यांना समोर बसवलं आणि सरळच विचारलं. माझा स्वभाव आडवळणाचा नाही. आधी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मग म्हणाले, उजेड कमी असतो, हात लागला असेल. मी म्हटलं, दोन बटणं एकदम, मोजून तीन सेकंद? असा हात लागतो? तेव्हा त्यांनी मला गणपा शेळकेची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट मला अर्धीमुर्धी माहीत होती. तात्यांच्या उमेदीच्या काळात बॉयलरची एक नळी फुटली होती आणि समोर उभा असलेला गणपा वाफेत सापडला होता. तात्यांनी त्याला पोत्यात गुंडाळून बाहेर आणलं. तो रात्र काढू शकला नाही.

“प्रेशर कमी पडलं तर कारखाना थांबतो,” तात्या म्हणाले. “जास्ती झालं की माणूस मरतो. ही गोष्ट माझ्या हाडात बसलीया, रत्ना. त्या मशीननं नाकातोंडात वारा भरला की मला गणपा दिसतो. मग हात आपोआप काट्याकडं जातो.”

मला वाटलं, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही. प्रेशरच्या काट्याकडं बघून बघून ज्यानं आयुष्य काढलं, त्याला तोंडावर प्रेशर लावून झोप म्हणायचं म्हणजे काय. मी अंगणात जाऊन इरफानला फोन लावला आणि विचारलं, की हे बारा बारा म्हणता ते नेमकं किती. तो म्हणाला, अगदी सोपं आहे ताई, उंच ग्लासात बारा सेंटीमीटर पाणी घ्या, त्यात तळापर्यंत नळी सोडा आणि फुंका. बुडबुडे आले की झालं तुमचं बाराचं प्रेशर. लहान पोरगंसुद्धा काढतं.

मी उत्साहानं आत आले. फ्रीजमधल्या थंड कॉफीच्या पाकिटाची नळी शोधली, उंच पेला भरला, पट्टीनं पाणी मोजलं आणि तात्यांच्या हातात दिला. म्हटलं, फुंका. त्यांनी फुंकलं. पाण्यात बुडबुडे आले. मी शिकवणीच्या बाईसारखी सांगायला लागले, की बघा, एवढंच प्रेशर, ह्यानं कुणाची नळी फुटणार.

तात्या हसले. नातवाला आजोबा हसतात तसे. पेला खाली ठेवत म्हणाले, “ते मला ठावं हाय गं. पाण्याच्या उंचीवर प्रेशर मोजतात ते. आमच्या धुराड्याचा वारा ह्याच मापानं मोजायचो आमी.”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचं हसू मावळलं. माझ्याही लक्षात आलं. ज्याला पेल्याभर पाण्याचं वजन माहीत आहे, त्याला त्या फुंकरीची भीती वाटेल कशी? इतका वेळ मी साप साप म्हणून भुई धोपटत होते.

“म्हणजे गणपाचं खोटं?” मी विचारलं.

“गणपा खरा हाय,” तात्या म्हणाले. “त्याला मधी घ्यायला नको हुतं मी.”

मग ते उठले आणि आईची चादर नीट करायला लागले. चादर नीटच होती. मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. म्हटलं, तात्या, तुम्ही गेलात तर आईचं काय होईल ह्याचा विचार केलाय का? ह्या एका वाक्यानं ते वळतील असं मला वाटलं होतं, आणि ते वळले, पण वेगळ्याच बाजूला.

“तिचाच इचार करतोय,” ते म्हणाले. “पयल्या आठवड्यात लावलं की मी बारावर. मॅडमनी सांगितलं तसंच. आणि झोपलो. अगं, तसली झोप मला लग्नाआधी आली असंल. मधी जाग न्हाई का काय न्हाई. सकाळच्या भोंग्यानं उठलो तर ही रातभर एकाच कुशीवर. अंथरूण वलं. पाठ लालभडक झालेली. आणि डोळं उघडं, माझ्याकडं बघत पडलेली.”

त्यांचा आवाज फुटला नाही. फुटला असता तर मला सोपं गेलं असतं.

“माझा दम अडकतो म्हणून मला जाग येती,” ते पुढं म्हणाले. “जाग आली की मी हिला वळवतो. हात फिरवून बघतो, वलं असंल तर बदलतो. पुन्हा पडतो. पुन्हा दम अडकतो, पुन्हा उठतो. चार वरसं हिची पाठ मी अशी राखलीया. तुमी त्याला रोग म्हणता. माझा तो गजर हाय.”

मी म्हटलं, मग घड्याळाचा गजर लावा. ते म्हणाले, लावून बघितला. इतक्या वर्षांची तुंबलेली झोप, मास्क लावला की दगडासारखा पडतो मी, घड्याळ बिचारं बोंबलून गप्प होतं. म्हणून पाच. पाचावर मास्क तोंडावर राहतो, मुलीला लावलं म्हणून सांगता येतं, आणि गजरही बिघडत नाही. हा त्यांचा हिशेब.

इथं मला त्यांच्या नोकरीतली एक रीत सांगितली पाहिजे. कारखान्यात पाळी सुटली की भोंगा होतो आणि सगळे सायकलींकडं पळतात. बॉयलरवरचा माणूस मात्र भोंग्यावर जागा सोडत नाही. बदलीचा माणूस येतो, दोघं मिळून पाण्याची पातळी दाखवणारी काच बघतात, प्रेशरचा काटा बघतात, आणि बदलीचा माणूस तोंडानं म्हणतो, ‘घेतला चार्ज. जा तू.’ तेवढं ऐकल्यावरच पहिल्यानं पायऱ्या उतरायच्या. एकदा बदलीचा माणूस आलाच नाही. तात्या लागोपाठ पाळ्या उभे राहिले आणि आई मला कडेवर घेऊन भाकरीचा डबा बॉयलरपर्यंत घेऊन गेली. तिनं म्हणे म्हटलं, दहा मिनिटं बसून खाऊन घ्या, आग कुठं पळून जात नाही. तात्यांनी उभ्यानं, काचेवरची नजर न काढता भाकरी खाल्ली. हा माणूस आता आपल्याच घरात तसाच उभा होता, चार वर्षं, आणि बदलीला कुणी येत नव्हतं.

पण माझ्या मनात एक गोष्ट खटकत होती. मी विचारलं, “त्या रात्री वाटी कुठं होती?”

“हिथंच की. चमचा तिच्या हातात हुता.”

“मग?”

“वाजवली असंल तिनं,” तात्या म्हणाले. “लई वाजवली असंल. मला ऐकू आली न्हाई. तेच तर म्हणतोय मी. ती वाटी वाजवत हुती आणि मी मढ्यासारखा पडलो हुतो.”

मी आईकडं वळले. ती माझ्याकडं बघत नव्हती, छताकडं बघत होती. मी तिच्या कॉटवर बसले आणि तिचा चेहरा हातानं माझ्याकडं वळवला. विचारलं, “आई, त्या रात्री वाटी वाजवलीस तू?”

तिनं मान हलवली. नाही.

तात्या खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

“का नाही वाजवलीस?”

आईनं चमचा खाली ठेवला. डावा हात उचलला, तळवा गालाखाली नेला आणि क्षणभर डोळे मिटले. लहान मूल झोपलंय हे आपण दाखवतो तसं. मग डोळे उघडले आणि बोट तात्यांकडं केलं.

तात्यांना ते कळायला वेळ लागला. मला लगेच कळलं, आणि मला रडू आवरलं नाही. रात्रभर ती ओल्यात पडली होती, पाठ पेटली होती, चमचा हातात होता, आणि शेजारी तिचा नवरा कित्येक वर्षांनी पहिल्यांदा शांत श्वास घेत होता. तिनं आवाज केला नाही.

“इंदू,” तात्या म्हणाले. ते तिच्या पायाशी बसले आणि थोड्या वेळानं माझ्याकडं बघून जवळजवळ तक्रारीनं म्हणाले, “आता बग. ही वाजवायची न्हाई. आणि मी झोपायचं म्हणतीस.”

गाडं तिथंच अडलं. ती वाटी वाजवणार नाही, म्हणून हे झोपणार नाहीत. हे झोपणार नाहीत तर फार दिवस राहणार नाहीत. आणि दुसऱ्या कुणाचा हात आईला चालत नाही. मी आईला स्पष्ट सांगितलं, की रात्रीला बाई ठेवावी लागेल आणि तुला तिला हात लावू द्यावा लागेल, नाहीतर तात्या आपल्याला राहायचे नाहीत. तात्या माझ्यावर उखडले. म्हणाले, तिच्यावर असलं ओझं टाकायचं न्हाई, मी धडधाकट हाय. धडधाकट माणसाला बोलता बोलता जांभई आली. आईनं नजर भिंतीकडं फिरवली. मी हात टेकले आणि स्वयंपाकघरात गेले.

दुपारी जेवणं झाली. तात्यांचे डोळे ताटावरच मिटायला लागले होते. मी म्हटलं, दिवसाउजेडी तर झोपाल? मी आहे आईजवळ, भांडी घासायला आलेल्या शालनमावशी आहेत घरात. म्हटलं, तुमच्या हातानं बारा लावा, मी आकडा बघणार आहे. त्यांनी दोन बटणं दाबली आणि लावलं. आडवे होण्याआधी त्यांनी आईला वळवलं, चादर चाचपली, वाटी तिच्या हाताशी सरकवली. मग मास्क चढवला. मशीन सुरू झालं. ते घोरणं, ज्यावर सगळी कॉलनी हसायची, ते आलंच नाही. छाती वर जायची आणि खाली यायची, सावकाश, मधे कुठंही न अडकता. मला ते बघताना भीतीच वाटली, इतकी त्या घराला शांततेची सवय नव्हती.

आईपण बघत होती. तिची मान तशी फार वळत नसे, पण तिनं ती वळवली होती.

मागच्या मोरीत शालनमावशी भांडी घासत होत्या. ह्या आमच्याकडं धुणंभांडी करायच्या. नवरा कारखान्यात कामाला होता तो तापानं गेला, पोरी लग्न होऊन गेल्या, बाई मागच्या चाळीत एकट्या. बोलायला फटकळ. आईच्या खोलीत येऊन झाडलोट करताना तिच्याशी गप्पा मारायच्या, उत्तर न मिळण्याची त्यांना काही अडचण नव्हती. पण आईच्या अंगाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. चाव्याची गोष्ट त्यांनीच कॉलनीभर केली होती.

आईला वळवायची वेळ झाली. चादरीला हात लावून बघितला तर ओलीही झाली होती. मी उठले. आईनं डाव्या हातानं माझा हात बाजूला केला. मला वाटलं पाणी हवंय. नाही. तिनं बोट मोरीकडं केलं, जिथून भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आवाजानं तात्या उठतील म्हणून ती म्हणतेय. मी जाऊन मावशींना हळू घासा म्हणून सांगून आले. आईनं पुन्हा मान हलवली आणि पुन्हा मोरीकडं बोट केलं.

“मावशींना बोलावू?” मी विचारलं.

तिनं डोळे मिटले.

मावशी पदराला हात पुसत आल्या. काय करायचं आहे ते मी सांगितल्यावर त्यांनी आधी आपल्या मनगटाकडं बघितलं आणि मग आईकडं. पुन्हा मोरीवर गेल्या, हात साबणानं धुतले, एकमेकांवर चोळून गरम केले आणि आल्या. मला म्हणाल्या, तू तिकडं तोंड कर. मी कॉटकडं पाठ करून तात्यांकडं बघत उभी राहिले. मागं चादर सरकल्याचा, पाणी पिळल्याचा आवाज येत होता. आईच्या घशातून एक बारीक आवाज आला. मी वळणार होते, पण मावशींनीच सांगितलं, “काय न्हाई गं. रडतीया. रडू दे.”

मी वळले तेव्हा आई खिडकीकडच्या कुशीवर होती. कोरडं लुगडं, कोरडी चादर. मावशींचा हात तिच्या खांद्यावर होता आणि आईनं तो काढला नव्हता. वाटी तशीच, चमचा तसाच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती हात वर करत नव्हती. काय द्यायचं होतं ते तिनं दिलं होतं. इतक्या वर्षांत मी माझ्या आईला इतकं मोठं कधी बघितलं नव्हतं.

तात्या संध्याकाळच्या पाळीच्या भोंग्याला उठले. मास्क काढून धडपडत उठायला गेले आणि मधेच थांबले. त्यांनी आईला भिंतीकडच्या कुशीवर झोपवलं होतं, ती आता खिडकीकडं होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ‘मी नाही’ अशी मान हलवली. मग त्यांना पायाशी बसलेल्या शालनमावशी दिसल्या. तात्या चादरीवरून हात फिरवून बघणार होते. तो हात त्यांनी अर्ध्यातच मागं घेतला.

“पाठ बगितली?” त्यांनी मावशींना विचारलं.

“बगितली. उजव्या खुब्यावर जरा तांबडं हाय. पावडर लावली.”

“रातीचं काय?”

शालनमावशी फटकळ असल्या तरी कारखान्यातल्या माणसाची बायको होत्या. त्यांना काय विचारलं जातंय ते कळलं. त्यांनी आधी आईकडं बघितलं. आईनं डोळे मिटले आणि उघडले.

“घेतला चार्ज,” मावशी म्हणाल्या. “जावा तुमी.”

तात्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. आम्ही तिघी बायका त्यांच्याकडं न बघता इकडं तिकडं बघत राहिलो.

त्या दिवसापासून मावशी रात्रीला आमच्याकडंच निजायला लागल्या. त्या मला फोनवर सांगायच्या, की तुझा बाप रोज रात्री माझ्याकडून सगळी तपासणी करून घेतो. पाठ बघ, चादर बघ, वाटी बघ. आणि मी ती दोन शब्दांची आरती म्हटल्याशिवाय मास्क लावत नाही. पण एकदा लावला की बारावर. मशीनच्या आकड्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. आई आणखी काही वर्षं जगली. तिच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही.

ती गेली तेव्हा मी दिवस होईपर्यंत राहिले होते. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले. शालनमावशी त्याच सकाळी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. दिवेलागण झाल्यावर तात्या आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत, मशीनचाही आवाज नाही. म्हणून मी बघायला गेले. मास्क हातात घेऊन ते आईच्या रिकाम्या कॉटपाशी उभे होते. गादी गुंडाळून ठेवली होती. वाटी आणि चमचा स्टुलावर तसाच होता. मी काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा कॉटकडं. ते वाट बघत होते.

मी जवळ गेले. कॉटवरून हात फिरवला, वाटी चमचा नीट ठेवला.

“घेतला चार्ज, तात्या,” मी म्हटलं. “जावा तुम्ही.”

तेव्हा ते आडवे झाले आणि त्यांनी मास्क चढवला.